गाऱ्हाणं नसलेलं गाव

बेळगावजवळच्या मच्छे गावच्या फौंड्रीत तेहतीस वर्षं मोल्डिंगला काढलेल्या माणसाचा आवाज कसा असतो हे ज्याला ऐकायचं असेल, त्यानं मोरबावात जावं आणि भरमाण्णाला "चहा घेणार काय?" एवढंच विचारावं. तो "नको" म्हणतो तेव्हा शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं ताणून उभी राहते. मशिनींच्या वर आवाज काढायची सवय लागली ती लागलीच. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, मशिनी बंद झाल्या, भरमाण्णा चालूच आहे.

पण त्याच्या आवाजाचं खरं काम देवळात. गावदेवी भावकाईपुढं गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. वर्षातून एकदा, पेरणीच्या आधी, सहाशे बारा माणसांचं अख्खं मोरबाव देवळापुढं जमतं आणि भरमाण्णा आईला सांगतो, की बाई, तुझ्या गावात काय काय बिघडलंय. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोरीचं जमेना, कुणाचा बांध सरकला. एकेका तक्रारीमागं गाव ओरडतं, "व्हय गं आई!" गाऱ्हाणं घालणाऱ्यानं मात्र स्वतःच्या घरचं सांगायचं नाही. ते दुसऱ्या कुणीतरी सांगायचं, अशी रीत.

त्याच्या बापानं मान सोपवताना त्याला शहाणपण म्हणून एकच गोष्ट दिली होती. "आईला सांगितलेलंच कळतंय, भरम्या. तिच्याकडं एवढी गावं हायत, ती कुठं दारोदार बघत फिरंल? जे सांगितलं न्हाय ते न्हायच झालं म्हणून समज." भरमाण्णानं ही गोष्ट पोटात घातली आणि ती तिथंच राहिली.

यंदा बेळगावच्या एका संस्थेनं स्पर्धा काढली. 'आदर्श समाज'. एकतीस गावं, तीन विषय: सुख, तग आणि बुद्धी. सुख म्हणजे माणसं समाधानी किती. तग म्हणजे माणसं जगतात किती आणि धडधाकट किती. बुद्धी म्हणजे दहा प्रश्नांचा पेपर. फॉर्म कानडीत आला, त्यावर मीटिंग मराठीत झाली, आणि भांडण दोन्हीत. पण बक्षीस वाचल्यावर भांडण मिटलं. पहिल्या नंबरच्या गावात संस्था दवाखाना काढणार होती. रोज सकाळी नऊ ते पाच बसणारा, खराखुरा, स्टेथोस्कोपवाला डॉक्टर.

आता ह्यातली अक्कल नीट बघून घ्या. ज्या गावात कुणी आजारी नाही, त्या गावाला डॉक्टर. ज्या गावात माणसं छाती धरून बसस्टॉपवर बसतात, त्यांना काय? त्यांना पुढच्या वर्षीचा फॉर्म.

छाती धरून बसणाऱ्यांत पहिली होती मालुबाई, भरमाण्णाची बायको. दमा. चार वर्षं झाली. दवाखाना म्हणजे दोन बस बदलून बेळगाव, आणि पोचेपर्यंत तिची चौकशी करणारी माणसंच आधी दमायची. गेल्या थंडीत ती मच्छ्याच्या फाट्यावर अशी निळी पडली, की भरमाण्णाचा आवाज पहिल्यांदा गेला. दोन दिवस तो कुजबुजत होता आणि गावाला वाटलं, भूकंप होणार.

म्हणून मीटिंगमध्ये भरमाण्णा गप्प बसला. डॉक्टर पाहिजे होता.

गावच्या कमिटीचा अध्यक्ष आण्णाप्पा मास्तर. हायस्कूलला गणित शिकवून रिटायर झालेला. तो उठला, फळ्यावर एक आडवी रेघ मारली आणि म्हणाला, "बक्षीस सरासरीवर हाय. सरासरी वाढवायचे मार्ग दोन. खालच्यास्नी वर आणायचं, न्हायतर खालच्यास्नी घालवायचं. पहिल्याला पंचवीस वर्षं लागत्यात. दुसऱ्याला एक टेम्पो."

गावाला गणित पटलं. टेम्पो मष्णूचा होता, त्याला तर लईच पटलं.

तपासणीचा दिवस नेमका गाऱ्हाण्याचा ठरला, कारण संस्थेच्या चिन्मयी मॅडमना गावाचा एखादा सांस्कृतिक कार्यक्रम बघायचा होता. फोनवर त्या म्हणाल्या होत्या, "फक्त कार्यक्रम सकारात्मक असावा, एवढं बघा."

त्या दिवशी घालवायच्या माणसांसाठी जागा ठरली ती गावाच्या कडेची, बंद पडलेल्या काजू फॅक्टरीची शेड. मास्तरानं आठ दिवस आधीच घरोघर फिरून आपली चाचणी सुरू केली. हातात लाल पेन.

पहिल्यांदा आजारी माणसं कापली. ते सोपं होतं. मग दुःखी. ह्यात मास्तराला वाटलं होतं दहापाच निघतील. पण विचारायला गेल्यावर कळलं की गावात ज्याला ज्याला थोडी अक्कल आहे, तो कशावरून तरी चिडलेला आहे. ज्यांचा पेपर चांगला गेला, त्या सगळ्यांची नावं दुःखात निघाली. मास्तर बुचकळ्यात पडला. मग त्यानं उलटी बाजू तपासली. जे म्हणाले, "आमी लई सुखी, मास्तर, आमाला काय बी कमी न्हाय," त्यांचा पेपर बघितला. पेपरात प्रश्न होता: गाय, म्हैस, शेळी, ट्रॅक्टर, वेगळं काय? मष्णूनं लिहिलं होतं, शेळी.

"शेळी कशी रं?" मास्तर म्हणाला.

"बाकीची तिन्ही माझ्या दारात हायत. शेळी तेवढी न्हाय."

"आरं, ट्रॅक्टर यंत्र हाय!"

"आसंना. पण वेगळी शेळीच, मास्तर. तुमी येऊन बघा."

मष्णू बुद्धीत कापला गेला. तो सुखात शंभरपैकी शंभर होता. म्हणजे हुशार ते दुःखी, सुखी ते बिनडोक, आणि जे दोन्ही विषयांत पास झाले ते निघाले आजारात आधीच कापलेले, पंचाहत्तरच्या वरचे, खोकणारे. सातव्या दिवशी मास्तराच्या यादीत उरली दोन माणसं. एक तो स्वतः. दुसरा भरमाण्णा.

मास्तर इमानदार माणूस. त्यानं आरशात बघितलं, आपली शुगर आठवली, आणि स्वतःच्या नावावर लाल रेघ ओढली.

भरमाण्णा उरला त्याला कारण होतं. मास्तर विचारायला आला तेव्हा तो म्हणाला होता, "माझं मला इचारू नगा. माझं काम दुसऱ्यांचं सांगायचं." त्यामुळं त्याचा फॉर्म कोरा. आणि कोऱ्या फॉर्ममध्ये कुणी नापास होत नाही.

तपासणीच्या सकाळी मष्णूच्या टेम्पोनं अकरा खेपा केल्या. शेवटच्या खेपेला मालुबाई. फळीवर चढताना तिनं तीनदा श्वास घेतला आणि नवऱ्याकडं बोट केलं.

"अवो, ऐका. आज त्वांडाला कुलूप. मास्तरानं जो कागद दिलाय तेवढा वाचायचा. वर एक अक्षर न्हाय."

"मी काय ल्हान हाय व्हय?"

"ल्हान असता तर बरं झालं असतं, त्वांडात बोळा घातला असता. एवढा एक दिस. माझ्या छातीसाठी."

भरमाण्णानं मान हलवली. टेम्पो गेला. मोरबावात आता तो होता, भावकाई होती, आणि मास्तरानं मॅडमसाठी भाड्यानं आणून देवळावर बांधलेला भोंगा.

साडेदहाला चिन्मयी मॅडम गाडीतून उतरल्या. बेळगावातल्या टिळकवाडीच्या, वय तिशीचं, पायात बूट, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी इकडंतिकडं बघितलं.

"काका, गावातली माणसं कुठं आहेत?"

भरमाण्णाला ह्याचं उत्तर लिहून दिलेलं नव्हतं. "ही काय," तो म्हणाला आणि स्वतःकडं बोट केलं.

"म्हणजे एकूण लोकसंख्या?"

"आज एवढीच."

मॅडमनी फॉर्मकडं बघितलं. फॉर्ममध्ये कुठंही लिहिलेलं नव्हतं की गावात निदान इतकी माणसं पाहिजेत. त्यांनी एक लिहिलं. आजारी: शून्य. मग पुढचा रकाना. "तुम्ही सुखी आहात का, काका?"

"आधी कार्यक्रम बघून घ्या," भरमाण्णा म्हणाला. मॅडमना ते उत्तर समंजस वाटलं आणि त्यांनी बुद्धीत चांगले गुण टाकले.

भरमाण्णानं धोतराचा सोगा खोचला, माईक धरला, मास्तराचा कागद उलगडला आणि वाचायला लागला. त्या आवाजाला भोंग्याची गरज नव्हती. भोंग्याची भर पडल्यावर तो काजू फॅक्टरी ओलांडून पार ओढ्यापलीकडच्या सोनकोप गावात पोचत होता.

"हे आई भावकाई! आमच्या गावात सर्व कुशल आहे! लोक आनंदात आहेत! आमच्या गावात कुणीही आजारी..."

इथं तो अडला.

खोटं बोलायचं त्याला वावडं नव्हतं. फौंड्रीत तपासणीला साहेब यायचा तेव्हा हातमोजे, गॉगल, सगळं असतंय म्हणून ह्याच तोंडानं तेहतीस वर्षं सांगितलं होतं. मॅडमला सांगायला त्याची हरकत नव्हतीच. पण समोर आई बसली होती, डोळे उघडे ठेवून. तिनं खरं धरलं तर? ती म्हणाली, बरं झालं, मोरबावाचं मिटलं, आता दुसरीकडं बघू, तर? डॉक्टर नऊ ते पाच बसेल. सहा वाजता मालूचा श्वास अडकला तर कुणाकडं बघायचं?

भरमाण्णानं मॅडमकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि कागदाची घडी घातली.

"आई," तो म्हणाला, "आत्ता वाचलं ते सोडून दे. त्ये ह्या मॅडमसाठी हुतं. आता तुझ्यासाठी सांगतो, कान दे."

आणि सुरू झाला.

"रुक्माबाईचा ल्योक पुण्यास्नं फोन करीना, व्हय गं आई! खालच्या आळीच्या नळाला आठ दिसांतनं एकदा पाणी, त्येबी गढूळ, व्हय गं आई!" मागं ओरडायला कुणी नव्हतं म्हणून "व्हय गं आई"ही तोच म्हणत होता. "मष्णूच्या म्हशीचं आचळ सुजलंय, व्हय गं आई! आण्णाप्पा मास्तराला शुगर हाय आणि त्यो चोरून गूळ खातोय, व्हय गं आई!"

मॅडमनी आधी पेन खाली ठेवलं. मग फॉर्मच्या शेवटच्या पानावर 'इतर माहिती' असा रकाना सापडला आणि त्या भराभर लिहायला लागल्या.

तिकडं शेडमध्ये सहाशे अकरा माणसं पोहे खात बसली होती. भोंगा ऐकला आणि पोहे थांबले. मालुबाईनं कपाळावर हात मारला. "गेला. गेला डाक्टर."

पण बाकीच्यांच्या डोक्यात डॉक्टर नव्हताच. प्रत्येकजण कान लावून बसला होता, आपलं नाव कधी येतंय, आणि नीट येतंय काय. पहिला उठला तो मष्णू. "डाव्या आंगाचं आचळ!" तो भिंतीवर ओरडला. "नुसतं आचळ म्हटल्यावर आईला कसं कळंल? उजवं बरं करून बसंल!" आणि तो पळाला. मग रुक्माबाई उठली: फोन करत नाही असं नाही, करतो, पण बायको शेजारी बसलेली असते, हे सांगायला पाहिजे होतं. मास्तर गुळाबद्दल खुलासा करायला निघाला. एकदा मास्तरच निघाला म्हटल्यावर बाकीच्यांना कोण अडवणार?

मॅडम लिहिता लिहिता वर बघतात तर रस्त्यानं अख्खं गाव येतंय. लंगडणारे, खोकणारे, काठीवाले, एकमेकांशी न बोलणारे भाऊ रस्त्याच्या दोन कडांनी.

"काका, हे कोण?"

"आमचीच की."

"पण तुम्ही लोकसंख्या एक सांगितलीत!"

"मघाशी एकच हुती. आता वाढली."

देवळापुढं जो गोंधळ झाला तो सांगायला भोंगाही पुरला नाही. ज्याला त्याला आपली तक्रार आधी पाहिजे. नंबरावरून दोघांची जुंपली, आणि ती जुंपली म्हणून तिसऱ्यानं त्याचंही गाऱ्हाणं घातलं. मास्तर माईक ओढत होता, "चोरून न्हाय, आई! औषध म्हणून! सकाळचं एकच ढेकूळ!" आणि गाव एका सुरात, "व्हय गं आई!"

सगळ्यात शेवटी मालुबाई पोचली. तोंडावर राग होता, पण राग बाहेर काढायला छातीत वाराच नव्हता. ती देवळाच्या पायरीवर बसली आणि नुसती नवऱ्याकडं बोट करून फुसफुसली. भरमाण्णा माईक धरून उभा. स्वतःच्या घरचं सांगायचं नाही. तेव्हा मष्णूनं, बुद्धीत नापास झालेल्या मष्णूनं, माईक त्याच्या हातातून घेतला.

"आणि ह्या भरमाण्णाच्या मालुबाईचा दम, आई! डाव्याउजव्या दोनी आंगाचा!"

"व्हय गं आई!" म्हणाले सहाशे जण.

दहा मिनिटांनी मालुबाईला वारा सापडला आणि मग तिनं नवऱ्याला असं झाडलं, की गाऱ्हाण्याला आलेली माणसं पांगली. "माझ्या छातीवरनं डाक्टर उठवून दिलासा! कुणासाठी? मास्तराच्या गुळासाठी?"

निकाल महिन्याभरानं लागला. मोरबाव एकतीस गावांत एकतिसावं. सुखात उणे गुण देता येत नाहीत म्हणून शून्यावर थांबवलं होतं. पहिलं आलं सोनकोप, ओढ्यापलीकडचं. तिथं कुणी दुःखी नव्हतं, कुणी आजारी नव्हतं, आणि पेपर सगळ्यांचा बरोबर. त्यांचाही टेम्पो होता म्हणतात. फक्त त्यांची शेड आठ मैलांवर होती आणि भोंगा नव्हता. सोनकोपचा अध्यक्ष परशराम ओढ्याच्या काठापर्यंत बँड घेऊन आला आणि मोरबावाकडं तोंड करून अर्धा तास वाजवून गेला.

दवाखाना उघडला. वेशीवर पाटी लागली: आदर्श समाज. डॉक्टर आला, निशांत नावाचा, तरणा, उत्साही. नऊ वाजता बसला आणि पाच वाजता उठला. दुसऱ्या दिवशीही. आठवडाभर त्याच्याकडं एक माणूस आला, तो वीज बिल द्यायला. कारण सोनकोपानं ठराव केला होता: पुढच्या तपासणीपर्यंत कुणी आजारी पडायचं नाही. पहिला नंबर टिकवायचा होता. दवाखान्याच्या दारासमोर परशरामची खुर्ची असायची. कोण आत जातंय ते तो बघायचा. माणसं ताप अंगात घेऊन, हसत, दवाखान्यासमोरून शेताला जायची.

आठव्या दिवशी मष्णूचा टेम्पो ओढा उतरून आला. फळीवर मालुबाई, शेजारी भरमाण्णा. परशराम खुर्चीतून उठला.

"काय भरमाण्णा, हिकडं कुणीकडं? शेवटचा नंबर आला न्हवं तुमचा?"

"व्हय की. म्हणूनच आलोय," भरमाण्णा म्हणाला. सोनकोपाच्या चार गोठ्यांतल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. "आमी आजारी माणसं. आमाला लाज न्हाय."

डॉक्टर निशांतला मालुबाई बघून एवढा आनंद झाला की त्यानं तिला दोनदा तपासलं. औषध दिलं, पंप कसा ओढायचा ते शिकवलं, "परवा पुन्हा या, नक्की या," म्हणून दारापर्यंत सोडायला आला. रजिस्टरात पहिलं नाव पडलं. गाव: मोरबाव.

मग काय, मोरबावानं रांगच लावली. टेम्पोच्या खेपा सुरू झाल्या. मास्तर शुगरला आला. रुक्माबाई कशालाच नाही, नुसती आली. लेकाचं सगळं डॉक्टरला सांगितलं आणि बरी होऊन गेली. आणि तिसऱ्या आठवड्यात भरमाण्णाच्या लक्षात आलं की रांगेत ओळखीची नसलेली तोंडं आहेत. सोनकोपाची म्हातारी मनुबाई, डोक्यावरनं पदर पुढं ओढून, खिडकीत सांगत होती, "लिव्हा, गाव मोरबाव." तिच्या मागं तिची सून: "मोरबाव." तिच्या मागं आणखी नऊजण, सगळे मोरबाव.

मष्णू तापला. "भरमाण्णा, ही आमच्या गावाच्या नावावर आजारी पडालीत!"

"पडू दे रं."

दिवाळीपर्यंत रजिस्टरात मोरबावाचे सतराशे वेगवेगळे आजारी झाले. सोनकोपाचं खातं कोरं. संस्थेत कुणीतरी ते आकडे बघितले आणि चिन्मयी मॅडमना पाठवलं. त्या सरळ दवाखान्यात आल्या. बाकावर भरमाण्णा बसला होता. मालुबाई आत होती, आता नुसती बोलायलाच.

"काका, तुमच्या गावात सहाशे बारा माणसं. रजिस्टरात सतराशे. हे कसं?"

भरमाण्णानं रांगेकडं बघितलं. खरं सांगितलं तर सोनकोपाचा पहिला नंबर जाणार, आणि नंबराबरोबर दवाखानाही. आईपुढं बोलायचं असतं तर प्रश्न वेगळा होता. पण समोर मॅडम होत्या.

"लई आजारी गाव हाय आमचं, मॅडम," तो म्हणाला. "एकेक माणूस तिघांएवढं आजारी पडतंय. तुमीच शेवटचा नंबर दिलायसा न्हवं? त्यो काय उगंच?"

बाई हुशार होती. त्या रांगेतून चालत गेल्या, आणि शेवटी भिंतीकडं तोंड करून, तोंडाला मफलर गुंडाळून उभ्या असलेल्या माणसापाशी थांबल्या. त्याला खोकल्याची अशी उबळ आली होती की दाबून दाबून डोळे लाल झाले होते. दारासमोरची परशरामची खुर्ची रिकामी होती.

"आणि तुम्ही? गाव कोणतं तुमचं?"

मफलरवाला खोकला. त्यानं भरमाण्णाकडं नुसतं बघितलं, जसं माणसं देवळात बघतात तसं.

"त्यो व्हय?" भरमाण्णा बाकावरूनच ओरडला, आणि त्या आवाजानं औषधांच्या बाटल्या हलल्या. "आमचाच हाय, मॅडम. लिव्हा, मोरबाव. छातीत कफ झालाय, चार महिन्यांपास्नं. जरा लवकर आत घ्या त्येला."